डाव्या दारावरचे चार ओरखडे

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून, चिंचेखाली जी फुटक्या काचांची जुनी निळी मोटार उभी आहे ना, ती मी. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून नाक मुरडतात. शाळा सुटली की मुलं माझ्या बॉनेटवर बसून चिंचा खातात. खुशाल बसा. माझ्या अंगावर जपण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. फक्त डाव्या दारांना हात लावू नका. तिथले चार ओरखडे आता कोर्टाच्या ताब्यात आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्म कसला, मारच तो! लोखंडी साच्यांनी मला दाबलं, ठोकलं, ठिणग्या उडवत सांधलं आणि भट्टीत भाजून माझ्यावर रंगाचे थर चढवले. सगळ्यात वर एक पारदर्शक थर दिला. माझी चमक म्हणतात ती तेवढीच, कागदाहून पातळ. लोक इतक्या पातळ गोष्टीवर भाळतात याचं मला तेव्हाही हसू यायचं.

मला सोलापुरात आणलं नारायण सरांनी. सर हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांची छडी सगळ्या शाळेत प्रसिद्ध होती. उत्तर चुकलं की हात पुढे करायचा, आणि हात मागे घेतला की दुप्पट मार. पण वर्गात पोरांना सोलून काढणारा हा माणूस माझ्या अंगावरून जुन्या धोतराचं मऊ फडकं फिरवायचा. आम्ही राहायचो त्या जुळे सोलापूर भागात नळाला पाणी येणार चार दिवसांआड. सरांच्या पत्नी अनसूयाबाई भांडी घासताना पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नसत, आणि सर माझ्यासाठी दोन बादल्या जिन्याखाली लपवून ठेवत. त्यावरून घरात पातेली आपटली जायची. मी मात्र स्वच्छ राहायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, "सरांची गाडी म्हणजे आरसाच की!"

पुढे सर निवृत्त झाले, त्यांचे गुडघे धरले, आणि माझी किल्ली त्यांच्या मुलाच्या, अवधूतच्या हातात गेली. तो मला ऑफिसबाहेर उन्हात उभी करायचा. सोलापूरचं ऊन कुणाची गय करत नाही. टपावरचा रंग आधी धुरकट झाला, मग पांढुरका. बोअरच्या खारट पाण्याचे ठिपके पडले. अवधूतला त्याचं काही नव्हतं. तो हॉर्नवर मूठ आपटायचा, सायकलवाल्यांना शिव्या घालायचा आणि सिग्नलला माझं इंजिन गुरगुरत ठेवायचा. बापाची छडी बहुधा अशीच त्याच्या अंगात उतरली असावी.

हिवाळ्यातली गोष्ट. अवधूत कामासाठी मंद्रूपच्या पुढच्या एका वाडीला गेला होता. आम्ही परत निघालो तेव्हा दिवस मावळायला अवकाश होता. मित्रांनो, आमच्याकडे सुगीत एक पद्धत आहे. शेतकरी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, वाळलेलं काड डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात, आणि फुकटात मळणी होते. समजूतदार चालक हळू जातो. सर तर हसत हसत मागे वळून पुन्हा एकदा काडावरून जायचे. मलाही ती कुरकुर फार आवडायची.

त्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बजाबाई नावाची म्हातारी आमच्याकडे पाठ करून लोखंडी दाताळ्यानं काड आत ओढत होती. दाताळं म्हणजे लांब दांड्याला बसवलेले चार दात.

"रस्ता म्हणजे काय ह्यांच्या बापाचं खळं आहे?" अवधूत ओरडला, आणि काड उधळून लावायला त्यानं मुद्दाम वेग वाढवला.

काड चाकांखाली घसरलं. माझी मागची बाजू भेलकांडली, आणि माझ्या डाव्या कोपऱ्याचा तडाखा बजाबाईला बसला. ती पडली. तिच्या हातातलं दाताळं माझ्या दोन्ही दारांवरून किंचाळत गेलं. मग माझं मागचं चाक तिच्या पायावरून गेलं. हाड मोडल्याचा आवाज शेंग फुटल्यासारखा नसतो, मित्रांनो. तो आवाज अजून माझ्या चाकात आहे.

आतल्या आरशात ती दिसत होती. काडात तोंड खुपसून पडलेली, एक हात हलणारी. अवधूतनं पाहिलं, मी शपथेवर सांगते. त्यानं हात वर केला आणि आरसा छताकडे वळवला. मग आम्ही सोलापूर येईपर्यंत थांबलो नाही.

घरी त्यानं सांगितलं, "नव्या पेठेत कुणीतरी स्कूटर घासून गेला." सरांनी त्या नसलेल्या स्कूटरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सर व्हरांड्यात मोठ्यानं पेपर वाचत होते. "ऐकलंस का, अवधूत? मंद्रूपकडे एका म्हातारीला दुधाच्या टेम्पोनं उडवलं. पाय गेला बिचारीचा. गुरु नावाचा चालक जागीच सापडला. लोकांनी असा तुडवला म्हणे, हात मोडला, दात पाडले. बरं केलं! असल्यांना तिथंच ठेचायला पाहिजे."

"टेम्पो कसला होता?" अवधूतनं चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"निळा. म्हातारीनं तेवढंच पाहिलं, निळी गाडी. आणि हा लेकाचा म्हणतो, मी तिला उचलायला थांबलो होतो, तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं!" सर हसले. "सापडल्यावर सगळे असंच म्हणतात."

माझ्या अंगाचा भडका उडाला. एवढ्या रस्त्यात जो एक माणूस थांबला, खाली उतरला, ज्यानं म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, त्यालाच दगडांनी आणि काठ्यांनी फोडलं होतं. आणि त्याच्यावरचा आरोप खोटा आहे हे सांगणारे जगात फक्त माझे चार ओरखडे होते. ते पुसले गेले की गुरु कायमचा गुन्हेगार ठरणार होता.

आणि ते पुसायला अवधूत टपलाच होता. रविवारी तो म्हणाला, "बाबा, गाडीची चमक परत आणू या का?" सरांचा चेहरा असा उजळला की मला रडू यावं. कित्येक वर्षांनी मुलगा माझ्याबद्दल बापाशी प्रेमानं बोलत होता.

दोघं मला घेऊन गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर डबे मांडले. "बघा सर, हे कंपाउंड. ह्यात बारीक खर असते, चरा घासून काढते. पण चऱ्यासंगं रंग पण खाते. हे पॉलिश, ह्यानं धुरकटपणा जातो. आणि हे वॅक्स. हे काय काढत नाही, वर नुसता पापुद्रा धरते. ऊन, धूळ, पाण्याचे डाग अडतात."

सरांनी प्रत्येक डबा उघडून वास घेतला, बोटावर चोळून पाहिला. पातळ वॅक्स लवकर उडतं का, घट्ट वॅक्स किती महिने टिकतं, स्पंज कुठला, फडकं कुठलं, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "हलकं पॉलिश आणि घट्ट वॅक्स द्या. सावलीत लावायचं ना? मला ठाऊक आहे."

"कंपाउंड घ्या बाबा," अवधूत म्हणाला.

"कशाला? एवढ्या जुन्या रंगाला कंपाउंड म्हणजे भाजलेल्या अंगाला घासणी. पत्रा उघडा पडेल."

"पण चरे गेले पाहिजेत!"

"राहू देत चरे. वय झालंय तिचं. चमक आली म्हणजे झालं."

"मी सांगतोय ना, कंपाउंड घ्या!" अवधूतनं काउंटरवर अशी मूठ आपटली की डबे नाचले. सर मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी कंपाउंडचाही डबा पिशवीत टाकला.

घरी येऊन सरांनी मला सावलीत उभं केलं. आधी आंघोळ, मग पॉलिश, हा त्यांचा नियम. गुडघे दुखत असतानाही ते खाली बसले आणि डाव्या चाकावरच्या खाचेत बोट घालून मळ काढू लागले. बोटाला हुलग्याचं काड लागलं. त्यांनी ते ओढलं. त्याला दोन शेंगा होत्या. काडाच्या मागोमाग हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला.

सर तो तळहातावर घेऊन बसले. मग त्यांनी दारावरच्या ओरखड्यांवर चार बोटं ठेवली. चारही ओरखडे सारख्या अंतरावर, सरळ रेषेत होते. गणिताचे सर होते ते. स्कूटर अशा रेषा ओढत नाही, दाताळं ओढतं, हे त्यांनी ताडलं.

"अवधूत," ते म्हणाले, "नव्या पेठेत हुलगे कधीपासून पिकायला लागले?"

अवधूतनं कंपाउंडचा डबा फोडला, फडक्यावर ओतला आणि माझं दार घासायला सुरुवात केली. वेड्यासारखा घासत होता तो. माझी कातडी सोलून निघाली, फडकं निळंशार झालं. मागच्या दाराच्या टोकाकडचे ओरखडे पुसट होऊ लागले. मित्रांनो, इतकं दुखूनही मला काळजी वाटत होती ती गुरुची.

सरांनी त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. "थांबला का नाहीस?"

"थांबलो असतो तर मला मारलं असतं! त्या टेम्पोवाल्याचं काय झालं ते तुम्हीच वाचलंत ना? बरं केलं म्हणालात ना?" आणि अवधूतनं बापाला ढकललं. सरांचं कपाळ माझ्या दारावरच्या आरशावर आपटलं. आरसा तुटला, कपाळ फुटलं.

अनसूयाबाई धावत आल्या. काय घडलं ते दोन वाक्यांत त्यांना कळलं. त्यांनी पदरानं सरांचं रक्त पुसलं आणि हात जोडले. "अहो, एकुलता एक आहे. वॅक्स लावा नि गप्प बसा. तुमच्या पाया पडते."

सरांनी त्यांचे हात हळूच बाजूला केले, किल्ली उचलली आणि ते दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यात येऊन बसले. अर्ध्या सोललेल्या दारानं मी पुन्हा मंद्रूपच्या वाटेला लागले.

तिथल्या पोलीस ठाण्यासमोर गर्दी होती. गुरुला त्याच दिवशी दवाखान्यातून तिथं आणलं होतं, आणि त्याला जन्मठेप द्या म्हणून वाडीचे लोक ओरडत होते. पुढे होता बजाबाईचा मुलगा, कोंडीबा. सर उतरले आणि म्हणाले, "तुमच्या आईला या गाडीनं उडवलं. तो टेम्पो नव्हता."

कोंडीबानं माझं दार पाहिलं. आईचं दाताळं त्यानं लहानपणापासून हाताळलं होतं. त्यानं धोंडा उचलला. माझी पुढची काच गेली. मग बाजूच्या काचा, दिवे, टप. पहारी, काठ्या, लाथा, सगळं माझ्यावर बरसलं. माझं मला काही वाटलं नाही. पण पत्रा पुरेनासा झाला तेव्हा लोक सरांवर वळले. कुणीतरी त्यांना लाथ घातली. ते धुळीत पडले. दोघे हवालदार गर्दीत शिरायला धडपडत होते.

कोंडीबानं सरांची गचांडी धरली. "म्हाताऱ्या, तूच व्हतास व्हय गाडीवर? बोल की!"

सरांचे ओठ हलले. मी त्यांना ओळखते, मित्रांनो. ते 'हो' म्हणणार होते. मुलाचा मार ते स्वतःच्या अंगावर घेणार होते.

"सोडा त्यास्नी!" ठाण्याच्या पायरीवरून आवाज आला. हाताला प्लास्टर, तोंड सुजलेलं, समोरचे दात नाहीत. तो गुरु होता. तो लंगडत गर्दीत आला. "मला मारताना कुणी इचारलं न्हाय. ह्यास्नी तरी इचारा." मग तो सरांपुढे बसला. "आजोबा, खरं सांगा. गाडी कोण चालवत हुतं?"

ज्याच्यावर आपण हसलो, तो माणूस सरांसमोर बसला होता. त्याच्या मोडक्या हाताकडे त्यांनी पाहिलं.

"अवधूत," ते म्हणाले.

"ऐकू न्हाय आलं," कोंडीबा म्हणाला.

मग सरांनी वर्गात बोलायचे तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "अवधूत. माझा मुलगा."

गर्दीतल्या काठ्या खाली आल्या. कोंडीबानं गचांडी सोडली. सर तिथंच धुळीत बसून ढसाढसा रडले, आणि गुरुनं आपला चांगला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

आता अवधूत तुरुंगात आहे. बजाबाई कुबडी घेऊन चालते. अनसूयाबाई सरांशी बोलत नाहीत. गुरु सुटला, पण त्याच्या उजव्या हाताला स्टिअरिंग नीट धरवत नाही. लोक त्याला विचारतात, पुन्हा कुणी रस्त्यात पडलेलं दिसलं तर थांबशील का? तो आपल्या उजव्या हाताकडे बघतो.

म्हणून मी तुम्हाला सांगते, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, गाडी घ्याल. तिला जरूर वॅक्स लावा, सावलीत लावा, मऊ फडक्यानं पुसा. आम्हालाही आवडतं ते. पण कुणाला धक्का लागला तर आरसा फिरवू नका. उतरा. आणि रस्त्यात जो उतरलेला दिसेल त्याच्यावर हात उगारू नका. घसरलं, कळलं नाही, थांबता आलं नाही, असं कोर्टात पुष्कळ बोललं जातं. तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नका. माझे ब्रेक त्या संध्याकाळी अगदी चांगले होते.