तरवडाचा कौल

तरवडाकडं कुणी मान वळवून बघत नाही. मुरमाड माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला, जिथं दुसरं काही तग धरत नाही तिथं हा गडी पिवळाधमक फुलून उभा असतो. आणि लोक काय म्हणतात? तर 'तरवड व्हय? त्याच्या सालीनं कातडं कमवत्यात.' झालं! संपली तरवडाची किंमत. गुरंसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

पण १९७४ सालच्या भाद्रपदात मीनाक्षी हुपरीकर या तरवडापुढं गुडघे टेकून बसली आणि वेडी व्हायची तेवढी बाकी राहिली. मीनाक्षी राजारामपुरीतल्या एका शाळामास्तरांची मुलगी, वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रबंधासाठी झाडं गोळा करायला ती इचलकरंजीच्या वाटेवर खडकेवाडीच्या माळावर आली होती. समोरच्या फुलावर एक काळा भुंगा बसला. उडताना तो नुसता गुणगुणत होता, पण फुलाला मिठी मारल्यावर त्याचा आवाज एकदम चढला. टर्रर्र! सगळं फूल थरथरलं आणि पुंकेसरांच्या टोकांच्या बारीक भोकांतून पराग असे उडाले, जसं मिठाच्या डबीतून मीठ.

"अगंबाई!" मीनाक्षी एकटीच ओरडली.

आणि मग तिला ते दिसलं. फुलातले मधले आखूड पुंकेसर भुंगा हलवत होता, खायला. खालचा एक लांब, वाकडा पुंकेसर मात्र त्याच्या अंगाला एका बाजूनं पराग चोपडत होता. आणि स्त्रीकेसर? तो बरोबर उलट्या बाजूला वळलेला! तिनं शेजारचं फूल पाहिलं. तिथं सगळंच उलटं. समोरून पाहिलं तर एका फुलाचा स्त्रीकेसर उजवीकडं, दुसऱ्याचा डावीकडं, आणि दोन्ही एकाच फांदीवर. म्हणजे डाव्या फुलाचा पराग भुंग्याच्या ज्या कुशीला लागतो, ती कूस जाऊन टेकते ती उजव्या फुलाच्या स्त्रीकेसराला. उजव्याचा डाव्याला. एकमेकांवाचून दोघांचं अडणार! तिला इतका आनंद झाला की तिची परतीची एस. टी. चुकली आणि चुकल्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी. आजरेकर सर तिचे मार्गदर्शक. माणूस हुशार, कष्टाळू, पण एकदा 'नाही' म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी 'नाही'च. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वाऱ्यानं वाकली असतील."

"सर, निम्मी डावीकडं, निम्मी उजवीकडं? वारा काय मोजून वाहतो?"

"तोंड फार चालतं तुझं. बरं, वाकतात म्हणू. त्याचा शेंगा धरण्याशी संबंध आहे कशावरून? एखाद्या माळावरची सगळी उजवी फुलं काढून टाक आणि डावी किती शेंगा धरतात ते दाखव. जमेल?"

जमणार कसं? माळावर हजारो झुडपं, रोज पहाटे नवी फुलं. एकटीनं तोडायची म्हणजे समुद्र वाटीनं उपसायचा. सरांनाही ते ठाऊक होतंच.

"दिवाळीच्या सुट्टीआधी काहीतरी ठोस आण," ते म्हणाले, "नाहीतर कळंब्याच्या तळ्यातलं शेवाळ घे. विषय तयार आहे, नमुने तयार आहेत, मुकाट्यानं पास होशील."

शेवाळ! मीनाक्षीला रडूच यायला लागलं. शेवाळाशी तिचं वैर नव्हतं, पण तिचं मन तरवडावर बसलं होतं आणि बसलेलं मन उठवायचं कसं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

इचलकरंजीत तिच्या मावसबहिणीच्या नवऱ्याचे माग होते. तिथून तिनं रंगीत सुताच्या लडी आणल्या आणि माळावर कामाला लागली. उजव्या फुलाच्या देठाला लाल दोरा, डाव्याला निळा. सगळी फुलं तोडता येणार नाहीत, तर निदान खुणा करून बघू कुणाला किती शेंगा लागतात. पहिला लाल दोरा तिनं माळाच्या माथ्यावर, मोठ्या धोंड्याशेजारच्या झुडपाला बांधला आणि हळूहळू खाली उतरत आली.

शेळ्या राखणारी चिमणाबाई हे दोन दिवस लांबून बघत होती. साठीची बाई, काटक, आवाज असा की ओढ्यापलीकडची शेळी ऐकून परत यावी. तिसऱ्या दिवशी ती जवळच येऊन बसली.

"काय वो बाई, नवस बोललायसा व्हय?"

"नवस नाही मावशी. हे उजवं फूल, म्हणून लाल. हे डावं, म्हणून निळा."

चिमणाबाईनं एक फूल हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. "आगं आई! खरंच की! जलम गेला ह्या माळावर, कधी बगितलं न्हाय. म्हंजी ह्यो कौलच म्हणायचा की!"

आता हे नीट सांगायला हवं. गावात काही अडलं, की गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगाला फुलं चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवं फूल पडलं तर काम होणार, डावं पडलं तर नाही. तो कौल. मीनाक्षी देवीच्या शहरातच वाढलेली, तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण नेमका त्याच क्षणी शेजारच्या फुलावर भुंगा येऊन बसला होता. तिचं सगळं ध्यान त्या टर्रर्रकडं.

"हो, हो," ती म्हणाली.

दोन शब्द! माणसानं भुंगा बघताना तोंड उघडू नये हेच खरं.

दुसऱ्याच दिवशी तिला सणकून ताप भरला. आठवडाभर अंथरूण, मग आईचा पहारा. घटस्थापना घरातच गेली. चौथ्या माळेला ती आईची नजर चुकवून पहिल्या एस. टी.नं माळावर आली, आणि आली ती जागीच थबकली.

वाडीकडच्या उतरणीवर जत्रा भरून गेल्यासारखं झालं होतं. झुडपांच्या बुडख्यांना हळदकुंकू, फांद्यांना दोरेच दोरे, चिंध्या, बांगड्या. आणि उजवं फूल? एकही नाही! तिनं दहा झुडपं बघितली, वीस बघितली. तिचे लाल दोरे देठासकट गायब. वाडीतल्या बायका रोज उजाडताना येत, उजवी फुलं तेवढी खुडून घटापुढं वाहायला नेत. कुणाची लेक अडलेली, कुणाची म्हैस आटलेली, कुणाचा पोरगा सैन्यात.

चिमणाबाई शेळ्या घेऊन आलीच.

"मावशी!" मीनाक्षीचा आवाज फाटला. "काय केलंत हे? माझं सगळं काम मातीत घातलं! आता शेवाळ! शेवाळ घ्यावं लागणार मला!"

"आमी काय केलं?" चिमणाबाई चकित. "तुमीच 'हो' म्हणाला की! आन् डाव्याला बोट लावू दिलं न्हाय मी कुणाला. डावं तोडलं तर कौल फिरतुय."

मीनाक्षी तिथंच मातीत मटकन बसली आणि पदराला डोळे पुसत हुंदके द्यायला लागली. हुंदक्या-हुंदक्यातून समोरची उतरण दिसत होती. पिवळी फुलं. सगळी डावी. नुसती डावी.

हुंदका अर्ध्यातच थांबला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "एकही उजवं ठेवलं नाही?"

"ठेवतील कशाला? धा वाड्यांच्या बायका न्हाईत, पर आमच्या वाडीतल्या सत्तर हाईत की."

"आणि ओढ्यापलीकडं?"

"तिकडं कशापायी जातील? ती दुसऱ्या गावची शीव. आपल्या देवीचा कौल तितं चालत न्हाय."

मीनाक्षी ताडकन उठली. इकडं नुसती डावी, पलीकडं दोन्ही. एकच माळ, एकच मुरूम, तेच भुंगे, मध्ये चार ढांगांचा ओढा! सरांनी जे मागितलं होतं, जे ती सात जन्मांत एकटीनं करू शकली नसती, ते सत्तर बायकांनी रोज पहाटे उठून, फुकटात, एक फूल न चुकता केलं होतं. तिनं चिमणाबाईचे दोन्ही हात धरले आणि गोल फिरली. शेळ्या बिचकून पळाल्या.

"आता गं बया! ताप डोस्क्यात चढला जणू," चिमणाबाई म्हणाली.

फिरता फिरता मीनाक्षी थांबली. तिला स्वतःचीच लाज वाटली. "मावशी, एक खरं सांगते. मी त्या दिवशी नुसतं 'हो हो' म्हणाले. माझं लक्ष भुंग्याकडं होतं. हा कौलबिल काही नाही. फुलांना शेंगा कशा धरतात ते मला शोधायचं आहे. आता तुम्ही सगळ्यांना हे सांगितलंत, तर त्या तोडायच्या थांबतील आणि माझा विषय बुडेल. पण फसवून मला नको."

चिमणाबाईनं तंबाखूची चिमूट दाढेला लावली. विचार करायला तिला तेवढा वेळ पुरला.

"तुमी म्हणाला म्हणून आमी देव मानतूय व्हय? आमाला वाटलं, आमी मानला. सांगतो मी बायास्नी. पर नवरात्राचं धरल्यालं मधीच कोन सोडतंय? दसऱ्यापातुर तोडणार बगा. तुमचं काय हाय ते उरकून घ्या."

तिनं सांगितलं, बायका हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उजाडताच हजर.

मग काय विचारता! दसऱ्यापर्यंत मीनाक्षीला खाण्यापिण्याची शुद्ध नव्हती. दोन्ही उतरणींवर चाळीस-चाळीस झुडपं, प्रत्येकावर पाच ताज्या डाव्या फुलांना निळा दोरा. पलीकडची बाजू तिनं सांभाळली. अलीकडची खालची रांग तिनं आणि माथ्याकडची चिमणाबाईनं. डावं-उजवं ओळखण्यात चिमणाबाई तिच्यापेक्षा चटपटीत निघाली.

सरांना कळवलं तर ते म्हणाले, "तू शेंगा मोजायच्या नाहीस. हात लावायचा नाहीस. मी स्वतः येऊन मोजणार."

दिवाळीच्या दोन दिवस आधी सर आले. पायात बूट, हातात वही, तोंडावर 'नाही' आधीच लिहिलेलं. आधी पलीकडची उतरण. निळे दोरे दोनशे, त्यांतल्या चौसष्टांखाली चपट्या हिरव्या शेंगा. सरांनी आकडा वहीत टिपला. ओढा ओलांडून अलीकडं आले. पहिलं झुडूप, शेंग नाही. दुसरं, नाही. दहावं, विसावं, नाही. माथा जवळ आला तशी एका झुडपावर दोन शेंगा निघाल्या, शेजारच्यावर तीन, त्याच्या पलीकडच्यावर दोन. आणि धोंड्याशेजारच्या झुडपाला पाच दोऱ्यांतल्या चारांना! शिवाय बिनदोऱ्याच्या कितीतरी. झुडूप शेंगांनी लगडलं होतं.

"हे काय?" सर वळले. "इथंही उजवी फुलं नव्हती ना? मग या शेंगा कुठून आल्या? पडलं तुझं अनुमान."

एवढं सगळं होऊन शेवटच्या झुडपानं दगा दिला. मीनाक्षी झुडपावर वाकली, आणि फांदीवर तिला तिचाच पहिला लाल दोरा दिसला. पावसानं विटलेला, पण देठासकट शाबूत. खाली एक शेंग.

"मावशी!" ती किंचाळली. "हा कसा राहिला?"

चिमणाबाई कानकोंडी झाली. चोरी पकडल्यासारखी पदर सावरत ती म्हणाली, "आता काय सांगू पावणं... ह्या झुडपाला मी कुणाला शिवू दिलं न्हाय. पैल्या दिवसापासनं. बायास्नी म्हटलं, समदा माळ तोडा, पर हितली उजवी फुलं त्या पोरीची. तिनं पैला दोरा हितं बांदलाय. तिचं काम झाल्याबिगर तिचा कौल आपुन कसा खुडायचा?"

सरांनी त्या झुडपाकडं बघितलं. मग शेंगा लागलेल्या शेजारच्या तीन झुडपांकडं. मग खालच्या मोकळ्या उतरणीकडं. सगळ्या माळावर जिथं उजवी फुलं राहिली, तिथंच आणि त्यांच्या आसपासच तेवढ्या शेंगा होत्या. त्यांनी वही उघडली, काहीतरी खोडलं.

"हुपरीकर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मास्तरकीचा नव्हता, "शेवाळ दुसऱ्या कुणाला तरी देतो."

मीनाक्षीनं चिमणाबाईला मिठी मारली ती सोडेचना.

"आगं व्हय, व्हय, सोड," चिमणाबाई तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "मी रोज ह्या झुडपाला सांगत हुतो, पोरीला उजवा दे म्हणून."