शरबतात गेलेला बर्फ

मी एक जुना, रुंद तोंडाचा थर्मास आहे. सौंसरला मोतीराम गुरुजींच्या घरी फळीवर असतो. मित्रांनो, आज मला माझी तक्रार सांगायचीच आहे.

गुरुजींची मुलगी नलिनी नागपूरला शिकून डॉक्टर झाली. औषधं देणारी नव्हे, संशोधन करणारी. तिला कर्करोगाच्या पेशींमधला आरएनए तपासायचा होता. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी मुंबईच्या प्रयोगशाळेत एकच जागा होती. तिथले सर म्हणाले होते, "चांगला नमुना आणा, मग बघू." आरएनए म्हणजे पेशीला काय बनवायचं ते सांगणारा धागा, आणि भारी नाजूक. ऊब लागली की त्याचे तुकडे होतात. म्हणून तर तिने मला विकत आणलं.

शेजारच्या केशवरावांच्या गालात तंबाखूने गाठ झाली होती. ऑपरेशनआधी ते आपणहून म्हणाले, "माह्या गाठीचं काही होत असंन तं घेऊन जाय, पोरी." चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये ती गाठ छोट्या बंद डब्यांतून माझ्यातल्या बर्फात आली. नागपूरला पोचली की पुढची सोय होती. "झाकण उघडू नका," असं बजावून नलिनी सामान भरायला आत गेली.

आणि पाहुणे आले! मुलगी मुंबईला जाणार म्हणून सगळी गल्ली निरोप द्यायला लोटली. बाहेर रणरणतं ऊन आणि संत्र्याचं शरबत कोमट. गुरुजींना ते कसं खपणार? त्यांनी मला उघडलं, डब्या बाजूला काढल्या आणि बर्फ वाटून टाकला. सगळे माझीच वाहवा करत होते आणि मी आतल्या आत चडफडत होतो. मग डब्या परत ठेवून त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसले.

नागपूरला नलिनीने झाकण काढलं.

"बाबा, बर्फ कुठी गेला?"

"पाहुण्यायले कोमट शरबत कसं देऊ, बाई? थर्मास तं गार ठेवतेच ना!"

"ठेवते, बाबा. करत नाही!"

ती तिथेच पायरीवर बसून रडली. तपासणीत आरएनएचे तुकडे निघाले. जागा दुसऱ्याला मिळाली. नलिनी आता पांढुर्ण्याला शिकवते.

मित्रांनो, मी गारवा तयार करत नाही, दिलेला राखतो. कुणी विश्वासाने काही ठेवलं असेल, तर झाकण उघडण्याआधी एकदा तरी विचारा.

परवा नलिनी सुट्टीला घरी आली होती, तेव्हा केशवराव आले. अर्ध्या गालाने हसत म्हणाले, "माही गाठ पोचली होती ना, पोरी?"

"पोचली, काका," नलिनी म्हणाली.

गुरुजी शरबत आणायला उठले. माझ्यात बर्फ होता. त्यांनी मला हात लावला नाही.