बसायला आलेल्या बायका

मुसळाचा पहिला दणका भिंतीवर बसला तेव्हा डॉक्टर अकुन्ना उभ्याउभ्याच उकडलेलं कोनफळ खात होती. दुसऱ्या दणक्याला गिलाव्याचा पोपडा सुटून ताटलीत पडला. तिनं तो बोटानं बाजूला सारला, राहिलेला घास संपवला आणि मग खिडकीशी गेली.

अंगणात दोनशेच्या वर बायका होत्या. तोंडाला राख, डोक्याला ताडाची कोवळी पानं, हातात मुसळं. बसायला आल्या होत्या.

उमुओका गावात एखादा नवरा बायकोला बडवतो, एखादा बाजारात बायकांच्या वाटेला जातो, तेव्हा बायका त्याच्या घरावर बसतात. त्याच्या सात पिढ्यांची लाज निघेल अशी गाणी म्हणतात, भिंती ठोकतात, आणि चूक कबूल करीपर्यंत त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. कबूल केली की उठून जातात. ही पुरुषांची खोड मोडायची रीत. बाईवर बसल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि आदल्या दिवशी बाजारात त्यावरून चांगली जुंपली होती. शेवटी पामतेलवाल्यांची म्होरकी उगोये म्हणाली, की ही नगरपरिषदेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसते, बाप्यांना हुकूम सोडते, माणसांची पोटं फाडते. पुरुषाचा मान घेतला, तर पुरुषाचं मुसळही घ्यावं. मग दुसऱ्या दिवशी बसायचं ठरलं.

भांडण झऱ्याचं होतं. इंग्रज गेल्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या मुलखात डॉक्टर झालेली अकुन्ना पहिलीच बाई. टायफॉइडनं अकरा मुलं गेल्यावर तिनं परिषदेत ठराव करून झऱ्याला काटेरी कुंपण घातलं, दोन राखणदार बसवले. नवी विहीर होईपर्यंत झरा बंद. तेव्हापासून बायका दोन कोस लांब मिशनच्या पंपावरून डोक्यावर घागरी आणत होत्या. डॉक्टरीणबाईंचं पाणी मात्र पिंपात भरून मोटारीनं यायचं. हे खोटं नव्हतं, म्हणून गाण्यात तेच कडवं सगळ्यांत जोरात होतं.

त्या अकरा मुलांत उगोयेची तीन वर्षांची नात होती, अदाकू. उगोयेनं तिला पाठीवर बांधून दवाखान्यात आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. बाकावर वीस रोगी खोळंबलेले, डॉक्टर दोन रात्री जागी. ती सगळ्यांदेखत फटकन बोलून गेली, झऱ्याचं पाणी तुम्हीच तुमच्या हातानं पाजलंत ना? बाहेर पडल्यावर उगोये ज्याला त्याला सांगत सुटली, की पोर जिती आत गेली आणि चटईत गुंडाळून बाहेर आली, सुईनं मारली तिला.

दुपारी दवाखान्यातून नर्सचा निरोप आला. चिन्येलू नावाची बाई कालपासून अडली होती, मूल आडवं होतं. डॉक्टर पिशवी घेऊन दाराबाहेर आली, तशी तिच्यासमोर मुसळं आडवी झाली.

"झरा उघडते म्हण," उगोये म्हणाली. "एक शब्द बोल आणि जा."

शब्द खरंच एकच होता. पण तो तोंडातून गेला की संध्याकाळपर्यंत कुंपण उपटलं जाणार, हेही तिला ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला सोडू नका हवं तर. तिला इथं आणा. रीतीत त्याला कुठं मनाई आहे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांत म्हातारीनं विचार करून सांगितलं, की घरातला बाहेर जायचा नाही एवढीच रीत आहे, बाहेरच्यानं आत जायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. मग बाजेवर घालून चिन्येलूला आणलं. तिची सासूही गाणाऱ्यांतच होती, ती राखेच्या तोंडानंच पुढं धावली.

जेवणाच्या टेबलावर डॉक्टर कामाला लागली. बाहेर गाणं चालूच होतं, फक्त भिंती ठोकणं कुणीतरी थांबवलं होतं. पिंपात तळाला दोन तांबे पाणी उरलेलं. सकाळपासून वेढा, मोटार जाणार कशी? डॉक्टरनं खिडकीतून ओरडून पाणी मागितलं. सासूनं घागर उचलली आणि सरळ झऱ्याची वाट धरली. झरा तीनशे पावलांवर, आणि असल्या वेळी राखणदार तिला थोडेच अडवणार होते?

उकळून घेतलं की झऱ्याचं पाणीही चालेल, असं सांगायला डॉक्टर खिडकीबाहेर वाकली. पण त्याआधीच उगोयेनं सासूचं मनगट धरलं होतं.

"तिकडचं नको," ती हळूच म्हणाली. "मिशनचं आण."

मग फाटकावर आडवी टाकलेली ताडाची फांदी तिनं स्वतःच बाजूला ओढली आणि ड्रायव्हरला पिंप घेऊन पिटाळलं. वळली तेव्हा डॉक्टर खिडकीत उभी होती. दोघींची नजरानजर झाली. उगोयेचा राखेनं माखलेला चेहरा एकदम म्हातारा दिसला, आणि डॉक्टरला तिकडे पाहवेना. ती चिन्येलूकडे वळली.

उन्हं कलता कलता मुलगी झाली. आई वाचली. बायकांनी मुसळं खाली ठेवली, जन्माच्या रीतीप्रमाणे गळ्याला पांढरी पावडर लावली आणि जन्माचं गाणं म्हटलं. उगोयेही नाचली. गाणं संपल्यावर तिनं गळ्याची पावडर तळव्यानं पुसून टाकली.

"ते बाळाचं झालं," ती म्हणाली. "आता हिचं."

पुन्हा दोनशे गळ्यांतून शिव्या सुरू झाल्या. डॉक्टर हात पुसत उंबऱ्याशी आली. ती उगोयेच्या अगदी जवळ जाऊन काहीतरी बोलली, ते बाकी कुणाला ऐकू गेलं नाही.

उगोयेनं हात वर केला. गाणं थांबलं.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "तेव्हा मोठ्यानं बोलली होतीस."

डॉक्टरनं टॉवेल खाली ठेवला.

"दवाखान्यात सगळ्यांदेखत मी तुम्हाला तसं बोलले, उगोयेआई. ती माझी चूक झाली."

उगोयेनं तिच्याकडे पाहिलंही नाही. मुसळ खांद्यावर टाकून ती चालायला लागली.

"अगं, आणि झरा?" मागून एकीनं विचारलं.

"चूक कबूल झाली. आता बसता येत नाही," उगोये न थांबता म्हणाली. "चला घरी. पहाटे निघायला हवं, मिशनच्या पंपावर रांग लागते."