टोपाच्या डब्यातली चिठ्ठी

मी आहे एक जुना, काळा पत्र्याचा डबा. अंगावर पोचे, झाकण वाकडं, आणि स्वभाव म्हणाल तर जरा संशयीच. मित्रांनो, इंग्लंडातले वकील आणि न्यायाधीश कोर्टात घोड्याच्या केसांचा टोप घालतात. तो ठेवायला मला घडवलं.

माझ्यावर मालकाचं नाव सोनेरी अक्षरांत घालायची रीत. आजोबा, मुलगा, नातू अशी एकाच घरातली तीन नावं माझ्यावर चढली आणि तिघेही पुढे न्यायाधीश झाले. मला वाटे, ही खुर्ची घरच्या जमिनीसारखी वारशानेच मिळते! मग ते घर मोडलं आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात बरीच वर्षं धूळ खात पडलो.

तिथून मला टोपासकट उचललं करुणाने. ही इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीची, शिष्यवृत्तीवर शिकून लंडनमध्ये वकील झालेली. खोटं कशाला बोलू, माझा तिच्यावर विश्वास बसेना. कोर्टाच्या दारावरच्या शिपायाचाही बसला नाही. "आरोपी का दुभाषी?" त्याने विचारलं. तिने मला उघडलं, टोप डोक्यावर चढवला आणि आत गेली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पंधरा वर्षांनी तिने न्यायाधीशाच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीआधी ती निरवांगीला आली आणि नानांना टोप दाखवायला मलाही घेऊन आली. नाना म्हणजे तिचे वडील, तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले. पक्षकारांचा तीनदा पुकारा करायचं काम त्यांचं.

"निवड मंत्रीच करत असंल की," नाना म्हणाले.

"न्हाय नाना. स्वतंत्र आयोग निवडतो."

"अन् निकालाच्या वक्ताला मंत्र्यानं फोन केला तर?"

"तशी सोय न्हाय तितं. उलट मंत्र्याचा हुकूम बेकायदा असला, तर न्यायाधीश तो रद्द करतात. पार्लमेंटचा कायदा मात्र त्यांना मोडता येत न्हाय."

"असं कुठं असतंय व्हय! आन् आपल्यासारखी माणसं किती तितं?"

"थोडीच. वरच्या कोर्टात तर शोधावी लागतात."

"मग तर वशिला पायजेच!"

दुसऱ्या दिवशी नाना एसटीने बारामतीला गेले. एका पुढाऱ्याची शिफारस इंग्रजीत टाइप करवून, सही घेऊन आले आणि गुपचूप माझ्यात, टोपाखाली सारली. मुलाखतीत डबा उघडला की साहेबांच्या नजरेस पडेल, हा त्यांचा हिशेब. असली चिठ्ठी आयोगापुढे गेली की पोरीचं सगळं मुसळ केरात! पण डब्याला कुठलं तोंड?

निघायच्या सकाळी करुणाने टोप उचलला आणि चिठ्ठी हाती आली. वाचून तिने ती नानांपुढे धरली.

"नाना, ही तितं पोचली असती तर मला घरी बसवलं असतं."

"माझी नोकरीबी असल्याच चिठ्ठीवर लागली, पोरी," नाना म्हणाले. " तीस वर्षं पुकारा केला. पर दर निकालाला वाटायचं, हितंबी कुणाची चिठ्ठी आत गेली असंल. एकाबी निकालावर माझा भरवसा बसला न्हाय."

मग उठून त्यांनी स्वतःच ती चिठ्ठी चुलीत घातली.

चार महिन्यांनी लंडनहून करुणाने व्हिडिओ कॉल लावला. मी तिच्या टेबलावरच होतो. तिची निवड झाली होती.

"खरं सांग, कुणाचा फोन गेला?" नानांनी विचारलं.

"कुणाचाच न्हाय, नाना."

"परत सांग."

"कुणाचाच न्हाय."

"अजून एकदा."

"कुणाचाच न्हाय, नाना!"

पुकाऱ्यासारखं त्यांनी तीनदा वदवून घेतलं आणि टॉवेलात तोंड लपवून पोटभर रडले.

आता माझ्यावर चौथं नाव आहे, करुणाचं. मित्रांनो, मला पॉलिश केलं नाही तरी चालेल. माझ्यात टोपाशिवाय काही ठेवू नका, एवढंच मागणं. आणि अधूनमधून झाकण उघडून बघत जा. अगदी करुणाचा डबा असला, तरीही.