खडखडीत वाळलेले थेंब

चंद्रावतीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. पेणच्या दवाखान्यात पदर खोचून बसली होती, शेजारी तिची सहा वर्षांची लेक किमया. हातपाय काड्या, पोट मात्र डेऱ्यासारखं. दोन वर्षं झाली! रोह्यात एकानं हिवताप म्हटलं, दुसऱ्यानं जंत. गावातल्या बायका म्हणाल्या, "पानथरी वाढलीय गो, काढा दे." काढे झाले, गोळ्या झाल्या, पोट काही उतरेना.

शेवटी इथले डॉक्टर सुशील म्हणाले, पेशीच्या आवरणात स्फिंगोलिपिड नावाची चरबी असते. ती जुनी झाली की पेशीच मोडून टाकते. किमयाच्या अंगात ती मोडणारं द्रव्य कमी असावं, म्हणून चरबी पानथरीत, म्हणजे प्लीहेत, साठतेय. औषध आहे, पण आधी तपासणीत सिद्ध झालं पाहिजे. त्यासाठी जाड कागदावर रक्ताचे थेंब घेऊन वाळवायचे आणि मुंबईला धाडायचे. दवाखाना दुपारी बंद, म्हणून ओला कागद चंद्रावती घरी न्यायची आणि वाळवून दुसऱ्या दिवशी आणून द्यायची. असं दोनदा झालं. दोनदा उत्तर आलं, नमुना खराब.

"दोनदा पोरीला टोचलंत!" ती कडाडली. "मुंबईवाल्यांना एक कागद सांभाळता येत नाय? माझी पोर काय वाऱ्यावर पडलीय?"

डॉक्टरांनी मुंबईचं उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मग विचारलं, "बाई, थेंब वाळवलेत कुठे?"

"कुठे म्हंजे? मिठागरावर!" तिची मान ताठ झाली. माहेरी मीठ, सासरी मीठ. वाळवणं तिला कोण शिकवणार? "बांधावर, भर उन्हात. खडखडीत वाळवून दिले. हिचा बाप म्हणत होता, घरातच राहू दे. मीच त्याला गप केला."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, उन्हानं ते द्रव्यच मरतं. सावलीत वाळवायचं असतं. सांगितलं नाही कुणी?"

"वाळवा म्हणाले. तेवढंच."

"मीही विचारलं नाही," डॉक्टर पुटपुटले.

चंद्रावतीला कुणावर ओरडावं कळेना. दोन महिने वाया, आणि ते तिच्याच हातानं! तिनं फाडकन स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

तिसऱ्यांदा सुई आली. या खेपेला कागद दवाखान्यातच, सावलीत वाळणार होता. किमया रडली नाही. तिनं आपणहून बोट पुढं केलं आणि आईकडं बघून म्हणाली, "आये, आता तू कागदाला हात नको लावू हां."