अंगी लागलेले घास

तिला माघारी सगळे 'कात्री' म्हणत. पडदे शिवायचा कारखाना तिनं एकटीनं उभा केला होता. कापडाच्या नव्या गठ्ठ्यावर पहिली कात्री तीच चालवायची आणि कुणी मध्ये बोललं तर माणसावरही. पण पोटाचं ऑपरेशन झालं आणि बाईची नुसती हाडं उरली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "वजन भरल्याशिवाय कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. उभ्या उभ्या कोसळाल." किती भरायला हवं तेही सांगितलं. थोरल्या लेकीनं घरच्या वजनकाट्याच्या काचेवर, त्या आकड्याशी, लाल रंगाची खूण केली. सुई खुणेला टेकली की आई परत कापायच्या टेबलाशी, असं ठरलं. तोवर टेबल थोरलीनं सांभाळायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण पोट एवढंसं झालेलं, दोन घासांत गळ्यापर्यंत यायचं. अंडं चावावं तर तोंडात कापूस. सून बिचारी थोड्या थोड्या वेळानं लहानशी ताटली घेऊन उभी.

"आई, एवढा बटाटा तरी घ्या."

"बटाटा कसला, धोंडा आहे तो. तूच खा."

"मी खाऊन खाऊन दारातून मावेनाशी झालेय."

"मग खिडकीतून ये-जा कर. इथं उभी राहू नकोस."

पण खायची. डोळ्यांपुढे ते टेबल आणायची, त्यावर पसरलेलं कोरं कापड आणायची, आणि घास ढकलायची. कधी उलटून पडायचं. तोंड धुऊन पुन्हा ताटली ओढायची. आयुष्यात कुणापुढे हरली नव्हती, बटाट्यापुढे कशी हरेल?

दर रविवारी थोरली वजनकाटा आणून पलंगाशी ठेवायची. पोरं त्यावर नाचतात म्हणून तो तिच्याच कपाटात असायचा. कात्री चष्मा लावून स्वतः वाकून बघायची. सुई आपली जागच्या जागी. खूण लांबच.

"अंगाला काहीच लागत नाही गं माझ्या," ती म्हणायची.

"लागेल, आई. घाई कसली? मी आहे ना तिकडे," थोरली म्हणायची आणि तिचे पाय चेपायची.

राग निघायचा सुनेवर. "तुझ्या हाताला गुणच नाही. दुधात पाणी घालतेस काय?" सून खाली मान घालून म्हणायची, "आई, तुमच्या गालांवर तर रंग आलाय." "गाल बघून वजन करतेस? दुकान टाक!" अन् कात्री भिंतीकडे तोंड करून पडायची. आपलं शरीरच आपल्यावर उलटलंय, असं तिला वाटायचं.

एका दुपारी तिच्या घरातल्या झग्याचं बटण निघालं. बसल्या बसल्या लावावं म्हणून तिनं झगा उलटा केला आणि हात थांबला. बगलेपासून कमरेपर्यंत बारीक भोकांची ओळ. जुनी शिलाई उसवून, आत ठेवलेलं जादा कापड सोडून, बोटभर बाहेरून नवी शिलाई मारलेली. दुसऱ्या बाजूलाही तेच. धुवायला नेते म्हणून थोरली कपडे न्यायची. आणि बगलेशी मशीन मागेपुढे नेऊन टाके घट्ट करायची ती खोड कुणाची, हे कात्रीला सांगावं लागणार नव्हतं. तिनंच तर ती लावली होती, लेकीचे पाय मशीनच्या पायट्याला पोचत नव्हते तेव्हा.

वजन न वाढणाऱ्या बाईचे कपडे कुणी सैल करतं का?

ती भिंत धरून थोरलीच्या खोलीत गेली. काटा काढला. वर कुणी नाही, काही नाही, आणि सुई शून्याच्या बरीच मागे. बाजूचं चाक फिरवून तिनं सुई शून्यावर आणली आणि काट्यावर उभी राहिली. सुई लाल खुणेच्या पुढे जाऊन थांबली.

एकेक घास तिनं रडत कमावला होता. लेकीनं तेच चोरले होते.

थोरली जेवायला घरी आली तेव्हा काटा जेवणाच्या टेबलावर होता आणि शेजारी उलटा केलेला झगा.

"केसानं गळा कापलास," कात्री म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच सून दारात थिजली.

थोरलीनं झगा उचलून सुलटा केला. मग म्हणाली, "तू आलीस की मी पुन्हा काज-बटणांवर. तिथं आता मला विचारल्याशिवाय कापड उलगडत नाहीत, आई. मला थोडे दिवस हवे होते."

"मागायचं होतंस."

"दिलं असतंस?"

कात्रीनं काटा तिच्यापुढे सरकवला. "मी रोज ओकत होते," ती म्हणाली. "तू माझी पाठ चोळत होतीस. चोळताना हाताला मांस लागत नव्हतं?"

थोरली रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही.

सुनेनं भीत भीत ताटली पुढे केली. ताटली भिरकावून द्यावी, असं कात्रीच्या मनात आलं. पण उपाशी राहून सुई मागे कोण नेणार होतं? तीच. आणि टेबल कुणाला मिळणार होतं?

"बस माझ्याजवळ," ती सुनेला म्हणाली. "तुला बोलले ते परत घेते. मीठ दे."

तिनं बटाटा कुस्करला. चव कसलीच नव्हती. लेक समोर उभी होती, तिला ती बस म्हणाली नाही. एकेक घास चावत, गिळत, तिनं ताटली साफ केली आणि तोंड पुसलं.

"उद्यापासून कापड मी कापणार," ती म्हणाली. "आणि माझे कपडे हीच धुईल."