न उघडलेला फोटो

चामोर्शीच्या बाजार ओळीत बापूरावांचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत, मोडक्या तिपायांच्या आणि पडद्यांच्या गुंडाळ्यांच्या शेजारी, मी एक जुना संगणक बसून आहे. मित्रांनो, माझा पडदा पिवळा पडला आहे आणि कळफलकावरची अर्धी अक्षरं पुसली गेली आहेत. माझी गोष्ट मोठी नाही. तिच्यातले सहा दिवस तेवढे सांगण्यासारखे आहेत.

माझे भाग नागपूरला जोडले गेले. १९९९ साली बापूरावांनी मला गोणपाटात गुंडाळून एसटीने आणलं. गावात संगणक नवा होता. शाळेतली मुलं दाराशी उभी राहून मला बघत. माझ्यासोबत फोटो आत घेणारं एक यंत्र, म्हणजे स्कॅनर, आलं होतं आणि त्या यंत्राबरोबर फोटो सुधारण्याचा एक प्रोग्राम. बापूराव गिऱ्हाइकाला पांढऱ्या कापडापुढे उभं करत. मग साधना त्या माणसामागे मंदिर लावी, बाग लावी, कधी ताजमहालही लावी. साधना गावातलीच. बारावी झाल्यावर तिने गडचिरोलीला संगणकाचा क्लास केला होता. माझ्यावर तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा पडला नाही.

तो प्रोग्राम प्रत्येक फोटो स्वतःच्याच एका वेगळ्या प्रकारात साठवत असे. त्यात माणूस वेगळा राही आणि मागचं चित्र वेगळं, म्हणून पुढे केव्हाही बदल करता येई. पण तो प्रोग्राम ज्या संगणकात नाही, तिथे तो फोटो उघडत नसे. बापूरावांना याचा अभिमान होता. आलेल्यागेलेल्याला ते सांगत, "आपला फोटो दुसऱ्याच्या मशीनवर उघडतच नाई. फिरून इथीच या लागते." मलाही तेव्हा ते ऐकून बरं वाटत असे.

२००३ च्या महाशिवरात्रीला बापूरावांनी मार्कंड्याच्या जत्रेत कापड लावलं. तिथे केवळराम आणि त्याची बायको चंदाबाई आले. वैनगंगेकाठच्या एका गावचं हे मासेमार घर. केवळराम कापडापुढे ताठ उभा राहिला. बापूराव हसायला सांगू लागले, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, मले हसता येत नाई. जसा हावो तसा काढा." त्याचा आयुष्यातला तो एकच फोटो. साधनाने त्या दोघांच्या मागे मार्कंड्याचं मंदिर लावलं आणि तो माझ्यात साठवला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये केवळराम गावातल्या लोकांबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेला. वाटेत त्याला ताप भरला. एका स्टेशनवर तो पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. सोबतच्यांना पुढच्या स्टेशनवर कळलं. ते परत आले, तर तो फलाटावर नव्हता.

बुधवारी चंदाबाई स्टुडिओत आली. घरातला छापलेला फोटो घेऊन तिचा दीर जंगू त्याला शोधायला गेला होता. पण त्या वाटेवर गावं कितीतरी, दवाखाने कितीतरी, आणि फोटो एक. शोधाचं काम बघणाऱ्या तिकडच्या एका साहेबाने फोनवर सांगितलं होतं, की संगणकावरून फोटो पाठवा, आम्ही एकाच दिवशी सगळीकडे दाखवतो.

"भाऊ, तुमच्यापाशी हाये म्हणतेत तेचा फोटो," चंदाबाई म्हणाली.

"हाये ना बाई. इथीच हाये," बापूराव म्हणाले.

साधनाने टेलिफोनची तार मला जोडली. फोटो जड होता. तीनदा मधेच लाइन तुटली. गुरुवारी संध्याकाळी तो एकदाचा गेला. शुक्रवारी सकाळी तिकडून फोन आला, की फोटो मिळाला, पण उघडत नाही. बापूरावांना वाटलं, वाटेत खराब झाला असेल. त्यांनी तोच फोटो पुन्हा पाठवायला लावला. त्यात शुक्रवार गेला. शनिवारी पुन्हा फोन. उघडत नाही. फॅक्स करून पाहिला, तर तोंडाच्या जागी काळा डाग उमटला. रविवारी तिकडे कुणी फोन उचलला नाही.

चंदाबाई रोज सकाळच्या गाडीने येई आणि आरशापुढच्या स्टुलावर बसे. कुणी फोटो काढायला आलं की उठून कोपऱ्यात उभी राही. ते गेलं की पुन्हा बसे. साधनाने चहा दिला तर पिई. काही विचारत नसे.

सोमवारी साधनाने गडचिरोलीला तिच्या क्लासच्या निकेश सरांना फोन केला. सरांनी विचारलं, "फोटो कोणत्या प्रकारात हाये?" तिने सांगितलं. सर म्हणाले, "अवं, तो तुमच्यापाशीच उघडते. जेपीजी करून पाठव. जेपीजी कुठीबी उघडते."

साधना माझ्यापुढे बसली. तिने फोटो उघडला. यादीतलं 'सेव्ह ॲज' दाबलं. खाली प्रकारांची लांब यादी होती. ती यादी पाच वर्षं माझ्यात होती. तिने जेपीजी निवडलं. माणूस आणि मंदिर एक झाले, फोटो हलका झाला. मला एक मिनिटही लागलं नाही. पाठवायला चार मिनिटं लागली.

तीन वाजता फोन आला. बापूरावांनी उचलला. "जी... हां जी... जी," एवढंच ते बोलत होते. मग त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही.

केवळरामचा पत्ता एका दवाखान्यात लागला होता. गाडी सुटली त्याच दिवशी त्याला कुणीतरी फलाटावरून तिथे नेलं होतं. तापात तो बोलत होता, पण त्याची भाषा तिथे कुणाला कळत नव्हती. शुक्रवारी दुपारपर्यंत तो जिवंत होता. मग दोन दिवस वाट पाहिली, आणि कुणी आलं नाही म्हणून रविवारी त्यांनीच सगळं उरकलं. आज फोटो उघडल्याबरोबर तिथल्या नर्सने तो ओळखला.

बापूरावांनी हे सगळं चंदाबाईला सांगितलं. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. रडली नाही. मग तिने विचारलं,

"मंग आज काऊन उघडला?"

माझा पंखा फिरत होता, पडद्यावर तो फोटो तसाच होता. चंदाबाई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "साडेचारची गाडी हाये." आणि ती गेली.

त्यानंतर स्टुडिओ रोजच्यासारखा उघडत राहिला. बापूराव फोटो काढत, डबा खात, दुपारी खुर्चीत डोळे मिटत. मशीनचं ते वाक्य मात्र त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही. एक दिवस ते साधनाला म्हणाले, "सगळेच फोटो जेपीजी करून टाक." साधना म्हणाली, "दोन हजाराच्या वर हायेत, भाऊ." ते म्हणाले, "कर."

दुपारी वीज असली की ती बसे. एक फोटो उघडायचा, जेपीजी करायचा, बंद करायचा, पुढचा घ्यायचा. मूळ फोटोही तिने जपले आणि त्यांच्या शेजारी ही दुसरी प्रत ठेवली. वरातीतली माणसं, शाळेचे गट, कितीतरी आता नसलेले म्हातारे. मी एकेक उघडत गेलो. मला काय वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही. काहीच वाटत नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात काम संपलं. ज्याचे त्याचे फोटो साधनाने सीडीवर उतरवून दिले. चंदाबाईची सीडी द्यायला ती स्वतः तिच्या गावी गेली. घरात संगणक नव्हता. चंदाबाईने ती सीडी पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवली.

२००८ साली नवा संगणक आला आणि मला मागे हलवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्यावर धूळ बसते, पाली फिरतात. कधीमधी जुनं काही लागलं तर साधना येऊन मला सुरू करते.

एकदा ती अशीच बसली असताना चंदाबाईची मुलगी रीता आली. शाळेत संगणकाची खोली झाली होती. तिने आईच्या पेटीतून सीडी नेऊन तिथे लावली होती.

"उघडला का?" साधनाने विचारलं.

"एका झटक्यात उघडला, ताई. बाबा कसा दिसे, मले आठवतच नोहोतं. मायले घेऊन गेलती दाखवाले."

"मंग? काय म्हणाली?"

"तिनं पडद्याले हात लावला. मास्तरनं बंद कराले सांगतलं, तरी हात काढला नाई."

मित्रांनो, जपणं म्हणजे कुलूप लावून ठेवणं, असं आम्ही समजत होतो. तुमच्याकडे तुमच्या माणसांचे फोटो असतील. ते कशात ठेवले आहेत, कोणत्या प्रकारात आहेत, एकदा बघा. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या संगणकावर लावून बघा. उघडले नाहीत तर उघडतील असे करून ठेवा. त्याला एक मिनिट लागतं. ते मिनिट आज काढा, शुक्रवारची वाट पाहू नका.